शनीची नजर, माणसाचे मन

२६ जानेवारी २०१६. पुणे-नगर महामार्गावर सुपा गावाजवळ पोलिसांनी रस्ता रोखून धरला होता. पुण्याहून निघालेल्या भूमाता ब्रिगेडच्या बसगाड्या तिथे अडवल्या गेल्या आणि ब्रिगेडच्या नेत्या तृप्ती देसाई यांच्यासह शेकडो महिला खाली उतरल्या. त्यांना शनिशिंगणापूरला जाऊन, महिलांना बंदी असलेल्या शनीच्या चौथऱ्यावर चढायचे होते. शिंगणापूर तिथून अजून सुमारे ७० किलोमीटर. पोलीस पुढे जाऊ देईनात, तेव्हा महिलांनी रस्त्यावरच बैठक मारली, काही जणी डांबरावर आडव्या झाल्या. अखेर त्यांना ताब्यात घेण्यात आले. एरवी औद्योगिक वसाहतीमुळे आणि डोंगरावरच्या पवनचक्क्यांमुळे ओळखले जाणारे पारनेर तालुक्यातील सुपा त्या दिवशी देशभरच्या वाहिन्यांवर झळकत राहिले.

या घटनेतली एक गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. सुप्यात अडवलेल्या महिला ‘शनी खोटा आहे’ असे म्हणत नव्हत्या. त्यांना शनीचे जवळून दर्शन हवे होते. आणि शिंगणापुरात त्यांना अडवायला जे उभे राहिले, त्यांत गावातल्या बायकाही होत्या. त्याच महिन्यात देवस्थानच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच एक महिला निवडून आली होती आणि तिनेही परंपरेचीच बाजू घेतली. देव एकच, भीती एकच, भक्तीही एकच. तरीही दोन्हीकडच्या बायका एकमेकींसमोर उभ्या. देव आहे की नाही या वादातून हे कोडे सुटत नाही. श्रद्धा माणसाच्या मनात नेमके काय काम करते, हे पाहावे लागते, आणि ते पाहायला अहिल्यानगर जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

शिंगणापूर नेवासे तालुक्यात. साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. वर छप्पर नाही, कळस नाही. मेंढपाळाने काठी टोचली तेव्हा शिळेतून रक्त आले, मग शनीने स्वप्नात येऊन ‘मला छप्पर नको, गावाची राखण मी करीन’ असे सांगितले, ही कथा तिथल्या लहान मुलालाही पाठ असते. त्या कथेचा परिणाम गावातल्या घरांवर दिसतो. घराला चौकट असते, पण तिला झडप नसते. कुत्रे-मांजर आत शिरू नये म्हणून रात्री एखादी फळी टेकवून ठेवायची, फार तर पडदा सोडायचा. कडी-कोयंडा नाही. पैसाअडका, दागिने कुलपाविना. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा काढली, तीही नेहमीसारखी कुलपे न लावता. चोरी करेल त्याला शनी बघून घेईल, आंधळा करील, साडेसाती मागे लावील, हा गावाचा विश्वास.

वरून बघणारा कोणीतरी आहे, ही जाणीव माणसाला सरळ ठेवते का? कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये अझीम शरीफ आणि आरा नोरेन्झायान या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना विस्कटलेले शब्द जुळवून वाक्ये करायला दिली. त्यांत देव, पवित्र, असे शब्द पेरलेले होते. नंतर प्रत्येकाच्या हाती दहा डॉलर दिले आणि अनोळखी माणसाला त्यातले हवे तेवढे द्या, असे सांगितले. धार्मिक शब्द वाचलेल्यांनी इतरांपेक्षा बरेच जास्त पैसे दिले. पुढे हाच प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा दर वेळी तोच निकाल आला नाही, त्यामुळे त्यावर फार भार टाकता येत नाही. पण मूळ प्रयोगातला एक तपशील शिंगणापूरच्या संदर्भात मोलाचा आहे. काही जणांना देवाऐवजी पोलीस, न्यायालय, करार अशा अर्थाचे शब्द दिले होते. त्यांनीही जवळजवळ तितकेच औदार्य दाखवले. म्हणजे मनाला नजर हवी. ती देवाची की कायद्याची, हा पुढचा प्रश्न.

मग शिंगणापूरच्या पोरांना ही नजर खरी का वाटते? शेजारच्या गावात हीच कथा ऐकलेले लोक दाराला कुलूप घालून झोपतात. अमेरिकी अभ्यासक जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्ये याचे पटण्याजोगे उत्तर मांडले. माणूस नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, सांगणारा स्वतः त्यासाठी काय पणाला लावतो ते पाहतो. बोलायला काही लागत नाही, करायला लागते. ज्या घरात आई रोज सकाळी घर उघडे टाकून शेतावर जाते, त्या घरातल्या मुलाला शनीवर प्रवचन ऐकवावे लागत नाही. आईने आपला संसार पणाला लावलेला तो रोज बघतो. महाराष्ट्रातल्या इतर श्रद्धांनाही हे लागू पडते. आजोबा पायी वारी करतात, एकादशी मोडत नाहीत, माळ घातल्यावर मटणाला शिवत नाहीत. नातवाच्या मनात विठ्ठल रुजतो तो त्या पायपिटीतून.

शिंगणापूरच्या विश्वासाला तडे गेले नाहीत, असे नाही. २०१० मध्ये बाहेरून आलेल्या एका भाविकाच्या गाडीतून ऐवज चोरीला गेल्याची तक्रार झाली, पुढच्या वर्षी दागिने गेल्याची आणखी एक. ‘ते गावाच्या हद्दीबाहेर घडले,’ असे अनेक गावकऱ्यांचे म्हणणे. सप्टेंबर २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणे मिळाले. आणि २०२५ मध्ये तर देवस्थानच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजेच्या नावाखाली भाविकांचे पैसे लाटल्याच्या प्रकरणी गुन्हा दाखल झाला. सप्टेंबरमध्ये सरकारने कारभार विश्वस्तांकडून काढून प्रशासकाकडे दिला. ज्या देवाच्या धाकाने घरे उघडी राहतात, त्याच देवाच्या नावावर हे व्हावे, याचा त्रास सर्वांत जास्त झाला तो साध्या भाविकाला. पण त्यामुळे चौथऱ्यापुढची रांग ओसरली नाही.

याचे कारण काय? मानसशास्त्रात असा प्रश्न आला की शिकागोचे उदाहरण दिले जाते. २१ डिसेंबर १९५४ रोजी प्रलय होणार आणि परग्रहवासी आपल्याला वाचवायला येणार, अशी एका महिलेभोवती जमलेल्या छोट्या गटाची खात्री होती. प्रलय आला नाही. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ च्या पुस्तकात लिहिले, की भाकीत फसल्यावर गट मोडण्याऐवजी जास्तच जोमाने प्रचाराला लागला. गटात अभ्यासकच मोठ्या संख्येने शिरले होते, म्हणून त्या अभ्यासावर आक्षेपही पुष्कळ आहेत. शिकागोची गोष्ट नाट्यमय आहे खरी, पण बहुतेक श्रद्धा अशा आरडाओरड्याने टिकत नाहीत. शिंगणापुरात जे घडले ते जास्त सर्वसाधारण आहे. त्यासाठी २०१६ चा एप्रिल पाहायला हवा.

चौथऱ्यावरच्या महिलाबंदीविरुद्धची लढाई त्याआधीची. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या नेतृत्वाखाली अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शेकडो महिलांसह शिंगणापूरकडे मोर्चा नेला होता, तोही अडवला गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी थेट चौथऱ्यावर चढून गेली, तेव्हा शिळेला दुधाचा अभिषेक करून ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. मग सुप्याचा प्रसंग. मग विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की राज्यात १९५६ पासून सार्वजनिक उपासनास्थळी प्रवेशाचा कायदा आहे आणि जिथे पुरुष जातात तिथे महिलांना कोणी रोखू शकत नाही. १ एप्रिलला आदेश झाला. दुसऱ्याच दिवशी चौथऱ्याकडे निघालेल्या महिलांना जमावाने परत लावले. ८ एप्रिलला गुढी पाडवा होता. सकाळी पुरुषांचा मोठा घोळका, त्यांनाही लागू केलेली बंदी मोडून, चौथऱ्यावर चढला, त्यानंतर विश्वस्तांनी सर्वांनाच चौथरा खुला केला आणि संध्याकाळी महिलांनी दर्शन घेतले.

महिलांना शनीच्या किरणांनी बाधा होते, असे जे पिढ्यान् पिढ्या सांगितले जात होते, ते त्या संध्याकाळी थेट कसोटीला लागले. अघटित काही झाले नाही. कोणी उठून ‘आपण चुकत होतो’ असेही म्हटले नाही. जो नियम आदल्या दिवसापर्यंत जिवापाड जपला जात होता, तो गळून पडला आणि शनी जिथल्या तिथे राहिला. श्रद्धेत कोणता भाग खांबाचा आणि कोणता नुसत्या मांडवाचा, हे आधी भाविकालाही सांगता येत नाही. काढून पाहिल्यावरच कळते. सुधारकांनी शिंगणापूरकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच. सोळा वर्षे वाद घालून जे झाले नाही, ते प्रत्यक्ष घडून गेल्यावर काही दिवसांत अंगवळणी पडले.

तरी शनीची पकड इतकी घट्ट का? त्यासाठी साडेसातीचा हिशेब मांडून पाहावा. शनी ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत वाटून घेतले तर एका राशीत सुमारे अडीच वर्षे. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची अशा तीन राशींची मिळून साडेसात वर्षे. म्हणजे कोणत्याही क्षणी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच, राशींच्या हिशेबाने पाव लोकसंख्येला. आता साडेसात वर्षांत कोणाच्या घरात आजारपण, कर्ज, भाऊबंदकी, एखादा मृत्यू होत नाही? जे वाईट घडले ते शनीच्या खात्यावर चढते, जे चांगले घडले ते विसरले जाते. मनाची ही जुनी खोड आहे, आणि ती शिकलेल्यांनाही सुटलेली नाही.

पण साडेसातीला केवळ आकड्यांचा घोळ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. दोन एकर कांद्याचा भाव पडलेला, मुलाची नोकरी गेलेली आणि बायको दवाखान्यात, अशा माणसाला साडेसाती दोन गोष्टी देते. एक, त्याच्या दुःखाला नाव देते. दोन, त्याला तारीख देते. ‘पुढच्या मार्चमध्ये शनी निघतोय, सुटाल,’ हे वाक्य त्या माणसाला आणखी काही महिने उभे ठेवू शकते. नैराश्याची सर्वांत मोठी यातना ही, की ते कधी संपेलसे वाटत नाही. साडेसाती संपते. धोका असतो तो पुढच्या वाक्यात, जेव्हा सांगणारा त्याच दमात शांतीचा खर्चही सांगतो.

दर शनिवारी सकाळी महामार्गावरच्या दुकानांपुढे आणि ट्रकांच्या बंपरखाली नवी माळ लटकते. एक लिंबू, काही हिरव्या मिरच्या, खाली बिब्बा, कधी कोळशाचा तुकडा, सगळे तारेत ओवलेले. ही माळ बांधणारा ड्रायव्हर ब्रेकही तपासून घेतो, टायरची हवाही बघतो. ब्रेक निकामी झाला तर लिंबू थांबवणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली मध्य आफ्रिकेतील अझांदे लोकांविषयी हेच नोंदवले. धान्याची कणगी कोसळून तिच्या सावलीत बसलेला माणूस जखमी होतो. खांब वाळवीने पोखरले होते, हे अझांदेंना कळते. पण नेमका तो माणूस बसलेला असतानाच ती का पडली, हा प्रश्न वाळवी सोडवत नाही. तिथे चेटूक येते. आपल्याकडेही अपघात झाल्यावर घरातली पहिली हाक ‘आमच्याच वाट्याला का?’ हीच असते. विज्ञान कसे घडले ते सांगते आणि गप्प होते. त्या गप्प जागेत श्रद्धा बोलू लागते.

जिथे आपल्या हातात काही नसते, तिथे ही गरज वाढते. पापुआ न्यू गिनीच्या ट्रोब्रिआंड बेटांवर मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांना दिसले, की खाडीच्या शांत पाण्यात मासेमारी करताना लोक मंत्रतंत्र करत नाहीत, खोल समुद्रात जाताना भरपूर करतात. २००६ च्या लेबनॉन युद्धात उत्तर इस्रायलमधील महिलांचा अभ्यास रिचर्ड सोसिस यांनी केला. रॉकेट पडत असलेल्या भागातच राहिलेल्या ज्या महिला स्तोत्रे म्हणत होत्या, त्यांची चिंता कमी आढळली. सुरक्षित गावी निघून गेलेल्या महिलांना मात्र स्तोत्रांचा तसा उपयोग दिसला नाही. त्यांच्या अडचणी घर, पैसा, मुलांची सोय अशा हाताने सोडवायच्या होत्या. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. जून कोरडा गेला की आभाळाकडे पाहण्यावाचून इथल्या शेतकऱ्याच्या हाती काय उरते, हे त्याला मालिनोव्स्कीने सांगायची गरज नाही.

मनातला देव आणि पोथीतला देव वेगळे असतात, हेही संशोधकांना प्रयोग करून शोधावे लागले. जस्टिन बॅरेट यांनी अमेरिकेत आणि नंतर भारतातही लोकांना देवाच्या छोट्या गोष्टी वाचायला दिल्या आणि आठवून सांगायला लावल्या. देव सर्वव्यापी आहे असे म्हणणाऱ्यांनीच गोष्ट सांगताना देवाला माणसासारखे केले, एका वेळी एकच काम करणारा, एका जागी असणारा. वारकऱ्याला यात नवल वाटणार नाही. आषाढीला पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, कारण देव भक्तांसाठी रात्रंदिवस उभा. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण जावा म्हणून त्याला काढाही देतात. विठ्ठल चराचरात भरला आहे हे गाणारा आणि त्याचे पाय दुखले असतील म्हणून हळहळणारा वारकरी एकच. मन निराकाराशी फार वेळ बोलू शकत नाही. त्याला थकणारा, रागावणारा, ऐकणारा कोणीतरी लागतो.

सुप्याच्याच तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून परतले तेव्हा गाव दारूच्या भट्ट्यांनी आणि दुष्काळाने पोखरलेले होते. संत यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडसुद्धा भट्ट्यांत जळाले, असे सांगितले जाते. अण्णांनी निवृत्तीच्या पैशांतून ते मंदिर पुन्हा उभे केले आणि गावाची बैठक तिथे बोलावली. दारूबंदीचा ठराव मंदिरात झाला, त्यामुळे तो नुसता ठराव न राहता देवापुढची शपथ झाली. तीसहून अधिक भट्ट्या मालकांनी आपण होऊन बंद केल्या. मानसशास्त्राच्या भाषेत, चारचौघांसमोर आणि देवासमोर दिलेला शब्द मोडण्याची किंमत फार मोठी असते. मात्र हे चित्र पूर्ण करायचे तर पुढचेही सांगायला हवे. तरीही पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिले गेले, आणि अण्णांनी स्वतः ते लपवले नाही. देवाची नजर एकटी पुरली नाही, गावाचा हातही उठला. तो हात उठायला नको होता. मंदिरातल्या शपथेने जे कमावले, ते फटक्यांविना टिकले असते का, हे पाहण्याची संधी त्यामुळे गेली.

श्रद्धेचा उपयोग आणि अपाय यांतली रेषा कायद्याने एका ठिकाणी ठळक आखली आहे. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. देवाला हात जोडून दवाखाना गाठणाऱ्याला कायदा काही म्हणत नाही.

एवढे सगळे संशोधन मोजले तर त्यातले बरेचसे व्हँकुव्हर, शिकागो अशा ठिकाणचे. मानसशास्त्रातले प्रयोग पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर होतात आणि निष्कर्ष साऱ्या मानवजातीचे म्हणून सांगितले जातात, ही तक्रार खुद्द हेन्रिक यांनीच २०१० मध्ये सहकाऱ्यांसह केली. आपल्याकडे असे काम होऊ शकत नाही असे नाही. प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर थंडीत राहणारे कल्पवासी आणि गावीच राहिलेले लोक यांची तुलना श्रुती तिवारी आणि त्यांच्या भारतीय-ब्रिटिश सहकाऱ्यांनी केली. कल्पवाशांचे स्वास्थ्य त्यांच्याच सांगण्यानुसार वाढलेले आढळले. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अहिल्यानगर जिल्ह्यात तर बिनदाराचे गाव आहे, मंदिरातल्या शपथेने दारू सोडलेले गाव आहे आणि बंदी उठलेली आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या बायका आहेत. राळेगणच्या त्या बैठकीत तरुणपणी बसलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. शिंगणापुरात दाराविना वाढलेल्या म्हाताऱ्याही थोड्या उरल्या असतील. पारनेर, नगर आणि नेवाशाच्या महाविद्यालयांतील मानसशास्त्राच्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या माणसांकडे जावे, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, आणि हे काम या एक-दोन वर्षांतच करावे.